मी उठले नाही, कारण विमान वर जात होतं

सगळ्यात आधी लोक एकच विचारतात, "किती गेले?"

मी आकडा सांगत नाही. या लिखाणातही तो नाही. कावीळ होऊन उठलेल्या माणसाला "किती पिवळा झाला होतास?" असं कुणी विचारत नाही. माझे गेले ते गेले, ते आम्ही नवराबायको बघून घेऊ. मला सांगायचं आहे ते आजाराचं. होय, आजार. ज्यांना हा शब्द पटत नाही त्यांनी इथेच पान उलटावं, माझं काही म्हणणं नाही.

माझं नाव ज्योती. वय पंचेचाळीस. राहते गडमुडशिंगीत आणि कोल्हापुरातल्या एका हायस्कूलमध्ये खेळाची शिक्षिका आहे. विद्यापीठाच्या संघापर्यंत खो-खो खेळले आणि गेली एकोणीस वर्षं पोरींना खो-खो शिकवते आहे. दारू नाही, तंबाखू नाही, मिसरीसुद्धा नाही. लग्नघरात पत्ते पिसायला लागले की मी उठून स्वयंपाकाकडे जायचे. हे मुद्दाम सांगते, कारण 'असल्या बायका' कशा असतात याचं एक चित्र लोकांच्या डोक्यात तयार असतं. त्या चित्रात मी कुठेच बसत नाही.

बाकावरचे चार तास

आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असायचं. तिला आत नेलं की चार तास मी बाहेरच्या बाकावर. सुरुवातीला वह्या न्यायचे, शाळेची कामं उरकायचे. मग एक दिवस शेजारी बसणाऱ्या एका पेशंटच्या जावयाने मोबाईल पुढे केला.

"बघा मॅडम, टाइमपास हाय नुसता."

पडद्यावर एक छोटं विमान होतं. ते उडालं की आकडा वाढत जातो. दीडपट, दुप्पट, तिप्पट. तुम्ही लावलेली रक्कम तितक्या पटीने वाढते. पण विमान कोणत्याही क्षणी पसार होतं, आणि त्याआधी पैसे काढून घ्यायचं बटण दाबलं नसेल तर लावलेलं सगळं जातं. काही सेकंदांत डाव संपतो आणि लगेच दुसरा सुरू होतो. खेळ एवढाच.

मला वाटलं, हे तर आपलंच काम! मागे पोरगी धावत येत असताना खांबाजवळ कधी वळायचं, हूल कधी द्यायची, यातच माझं तारुण्य गेलं होतं. अर्ध्या सेकंदाचा अंदाज माझा कधी चुकला नव्हता. या यंत्राला काय कळतंय, म्हटलं. पहिल्या आठवड्यात मी जिंकले. तिथेच घात झाला.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती, आणि ती मला फार उशिरा कळली. विमान वर जात असताना आतल्या खोलीतली आई मला दिसत नव्हती. तिच्या हाताला लावलेल्या नळ्या, तिचे सुजलेले पाय, 'अजून किती दिवस गं?' हा तिचा प्रश्न, यातलं काहीही त्या आठ-दहा सेकंदांत माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. इतकी शांतता मला दुसऱ्या कशात मिळाली नव्हती.

आई गेली. खेळ राहिला.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आम्हा बौद्धांच्या दिवसकार्याच्या दिवशी दारात मांडव घातला होता. वंदना चालू होती. मी पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत, मान खाली, आणि पदराखाली मोबाईल. बायकांना वाटलं मी रडते आहे. मागच्या एका मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या धक्क्याने माझं बटण दाबायचं राहिलं आणि विमान गेलं. मला त्या मावशीचा इतका राग आला, की तिचा हात झटकावा असं वाटलं. आईच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या फोटोसमोर.

हे वाचून कुणाला किळस आली असेल. मलाही आली होती. तरी त्याच संध्याकाळी मी पुन्हा खेळले. किळस येऊन थांबता आलं असतं, तर डॉक्टर कशाला लागले असते?

मैदान

पुढचं दीड वर्ष मी दोन आयुष्यं जगले. स्टाफरूममध्ये हजेरीपटाखाली मोबाईल, बसस्टॉपवर मोबाईल. समोर आलेली बस मी सोडून द्यायचे, कारण गर्दीत उभं राहून नीट खेळता येत नाही. घरी कुणी हाक मारली की माझ्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "थांब!"

तालुका स्पर्धेच्या आठवडाभर आधी शाळेच्या मैदानावर सराव सामना चालू होता. माझ्या संघातली आरती, नववीतली, सगळ्यात चपळ पोरगी. मी कडेला खुर्चीत बसले होते. शिट्टी एका सहशिक्षकाकडे दिली होती आणि मांडीवर मोबाईल होता. विमान सातपटीच्या पुढे गेलं होतं. इतकं वर ते क्वचित जातं.

आरती खांबाला वळताना घसरली. गुडघा आत मुडपला. ती ओरडली, पोरी ओरडल्या, "बाई! बाई!"

मी मान वर केली. तिला पडलेलं बघितलं. आणि पुन्हा खाली बघितलं.

चार सेकंद असतील, पाच असतील. लोकांना मी नंतर पुष्कळ काही सांगितलं, की लक्ष नव्हतं, ऊन डोळ्यांवर होतं. ते खोटं होतं. मी बघितलं होतं आणि मी उठले नाही, कारण विमान वर जात होतं.

मग मी उठले. धावले, पाय धरला, बर्फ मागवला, रिक्षा बोलावली, सगळं रीतसर केलं. एकोणीस वर्षांची सवय होती. रिक्षात आरतीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. माझा दुसरा हात पर्समध्ये मोबाईल चाचपत होता. स्वतःचा तो हात मी बघितला आणि मला भीती वाटली. आजवर हरायची भीती वाटत आली होती. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

"भांडाय तरी आलं असतं"

माझे मिस्टर, संजय, यांचं शाहूपुरीत विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. आरतीला तिच्या आईच्या ताब्यात देऊन मी घरी न जाता सरळ दुकानात गेले. ते स्टुलावर बसून जळालेल्या मोटारीतली तार उपसत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी तार खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे माणूस न्हवता व्हय?"

"कोण माणूस?"

"वरीसभर बघतोय, मोबाईल उशीखाली घालतीस, मी आलो की उलटा ठेवतीस. मला वाटलं कोणतरी हाय."

मला हसू आलं आणि रडूही. "माणूस असता तर बरं झालं असतं काय?"

"भांडाय तरी आलं असतं की. ह्या विमानाची कॉलर कुठं धरू?"

एवढं बोलून ते पुन्हा तार उपसायला लागले. वर्षभर हा माणूस मनात केवढं घेऊन माझ्या शेजारी जेवत होता, हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळी घरी आल्यावर ते चिडले, ओरडले, ताट ढकललं. ते सगळं मला मान्य होतं. पण सकाळी उठून त्यांनीच स्कूटर बाहेर काढली आणि म्हणाले, "चल, दाखवून येऊ."

निदान

मानसोपचाराच्या डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान होत्या. पाऊण तास प्रश्न विचारून झाल्यावर म्हणाल्या, "ताई, हा जुगाराचा आजार आहे. यावर उपचार होतात."

मी भांडायलाच उठले. "मी जुगारी नाही. माझं टायमिंग चांगलं आहे. मध्ये थोडं बिघडलंय, एवढंच."

त्यांनी शांतपणे विचारलं, "विमान कुठं पसार होणार हे कधी ठरतं?"

"बटण दाबायला उशीर झाला की."

"नाही. ते उडायच्या आधीच ठरलेलं असतं. आतल्या प्रोग्रॅमने आकडा आधीच काढून ठेवलेला असतो. तुम्ही वळलात काय, न वळलात काय, त्याला पत्ता नसतो. तुमच्या मागे कुणी धावतच नाही."

हे वाक्य मला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. दीड वर्ष मी ज्याला हूल देत होते, तिथे कुणी नव्हतंच. आजाराच्या नावापेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं, कारण माझा सगळा गर्व त्यात होता.

त्या बोलण्यात मी आणखी एक वाक्य बोलून गेले. ते इथे लिहीत नाही. ज्यांच्या मनात तसं येतं त्यांना ते माहीत असतं. ते ऐकल्यावर डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आज घरी नाही जायचं. इथंच राहायचं." कुणाच्या मनात तसं काही येत असेल, तर डॉक्टरांसमोर मोठ्याने बोला. मी बोलले म्हणून आज हे लिहिते आहे.

वॉर्ड

तीन आठवडे राहिले. मोबाईल पहिल्याच दिवशी जमा झाला. गोळ्यांची नावं सांगत नाही, प्रत्येकाच्या वेगळ्या असतात.

पहिले पाच दिवस फार वाईट गेले. जेवणाच्या ताटाच्या कडेवर माझा अंगठा आपोआप खाली-वर व्हायचा. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघितला तरी छातीत धडधडायचं. सिस्टरने मग ते घड्याळच उतरवून टेबलाखाली ठेवलं. न मागता केलं, आणि कुणाला बोलल्या नाहीत. एवढ्याशा गोष्टी माणूस विसरत नाही.

वेळापत्रक शाळेसारखंच होतं. सहाला चहा, मग अंघोळ, गोळ्या, नाष्टा, अकराला समुपदेशन. मी चौथ्या दिवशी वॉर्डातल्या बायकांना सूर्यनमस्कार शिकवायला लागले. एकीने विचारलं, "तुमी पेशंट हाय का मास्तरीण?" म्हटलं, दोन्ही.

माझे वडील, आबा, एक दिवसाआड यायचे. आयुष्यभर फौंड्रीत साचे केलेला माणूस, हाताला अजून डाग आहेत. डब्यात भाकरी आणि मेथीची भाजी. पहिल्या भेटीत मी म्हटलं, "आबा, पाचवं शील मोडलं मी." पंचशीलातलं पाचवं शील नशेपासून दूर राहायचं, ते लहानपणी त्यांनीच पाठ करून घेतलं होतं.

आबा म्हणाले, "मोडलंस तर परत घे की. रोज कशापायी म्हणतोय आपण ते? एकदा म्हणून भागलं असतं तर." आणि झाकण उघडून डबा पुढे सरकवला.

नेसरीचे पाहुणे

मंगळवारी मोठ्या खोलीत सगळ्यांची एकत्र बैठक व्हायची. गोल करून बसायचं आणि आपापलं बोलायचं. त्यात बहुतेक दारू सोडायला आलेले पुरुष. पहिल्यांदा मला विचारलं, "ताई, तुमचं काय?"

"विमान," मी म्हटलं, आणि खेळ समजावून सांगितला.

दोन-तीन जण हसले. एक तरुण म्हणाला, "आयला, एवढ्यासाठी ॲडमिट?"

माझं डोकं फिरलं. पण माझ्या आधी कोपऱ्यातले एक वयस्कर गृहस्थ बोलले. नेसरीचे होते, घरी म्हशी, दुधाचा धंदा. दारूपायी तिसऱ्यांदा भरती झाले होते.

"हसू नगो लेका," ते त्या तरुणाला म्हणाले. "तुजी बाटली फोडली की फुटती. त्या बाईची बाटली पर्समधी वाजती. तिच्यावरच पोरांचं निरोप येत्यात, तिच्यावरच बँक हाय. ती फोडून चालंल व्हय? आपल्यापरीस तिचं अवघड हाय." मग माझ्याकडे वळून, "व्हय की न्हाय, पावणं?"

त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मी लोकांत आहे.

याच दिवसांत माझ्या मोबाईलचं सिमकार्ड संजयकडे होतं. एक दिवस त्यावर खेळवाल्या कंपनीचा फोन आला. गोड आवाजात, हिंदीत, "मॅडम दो हफ्ते से आयी नहीं, उनके लिए स्पेशल बोनस है." संजय म्हणाले, ती दवाखान्यात आहे. पलीकडचा म्हणाला, "कोई बात नहीं सर, वहाँ से भी खेल सकती हैं."

माझ्या नवऱ्याने त्याला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. शाहूपुरीतल्या आजूबाजूच्या चार दुकानांतली माणसं बाहेर आली म्हणतात. मला ते त्यांनी भेटीच्या वेळी सांगितलं आणि वर म्हणाले, "शेवटी कॉलर घावली एकदाची." आजारपणात आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र हसलो ते तेव्हा.

ऋतुजा

माझी मुलगी ऋतुजा बारावीत होती. अडीच आठवडे ती आली नाही. एका दुपारी एकटीच आली, परीक्षेची बॅग तशीच पाठीवर. आमच्याकडच्या मुली 'आले-गेले' म्हणत नाहीत, 'आलो-गेलो' म्हणतात. ती दारातूनच म्हणाली, "मी तुला माफ केल्यालं न्हाय. पेपर कसा गेला ते सांगाय आलोय."

"कसा गेला?"

"बरा गेला." मग बाकावर बसली. "आज्जी गेल्यापासनं मी तुला काय सांगाय आलो की तू 'थांब' म्हणायचीस. मग मी सांगायचंच बंद केलं. तुला कळलं तरी का?"

"न्हाई."

"हां. तेवढंच विचारायचं हुतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "नको. आधी फिजिक्सचं ऐक." आणि अर्धा तास मी फिजिक्सचा पेपर ऐकला. एक अक्षर कळलं नाही, पण एकदाही 'थांब' म्हटलं नाही.

एकदा घसरले

हे लपवत नाही. घरी आल्यावर सहाव्या आठवड्यात ऋतुजा अंघोळीला गेली असताना तिच्या मोबाईलवर मी लिंक शोधली. या खेळांवर आता बंदी आली म्हणतात, पण नाव बदलून तेच विमान उभं असतं. दहा मिनिटं खेळले. मग मोबाईल जागेवर ठेवला, आणि ती बाहेर आल्यावर केस पुसत असतानाच तिला सांगितलं. ती चिडली. संजय जेवले नाहीत. डॉक्टर बाई म्हणाल्या, "दीड वर्ष लपवलंत, आता दहा मिनिटांत सांगितलंत. पुढे चला."

पुढे चालले. बरी झाले असं मी म्हणत नाही. खेळत नाही, इतकंच म्हणते. माझ्याकडे आता बटणांचा साधा फोन आहे. स्टाफरूममध्ये त्यावरून चेष्टा होते. होऊ दे.

खरं कारण

रजेच्या अर्जावर काय लिहायचं यावर मुख्याध्यापक माझ्या भल्याचंच बोलत होते. "बाई, 'कौटुंबिक कारण' लिहा. नाहीतर पाठदुखी. कोण बघतंय?"

मी लिहिलं, 'जुगाराच्या आजारावरील उपचार'. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला. कावीळ झाली असती तर पाठदुखी लिहिली असती का? संस्थेने चौकशी लावली. ती अजून चालू आहे. मला पुन्हा मैदानावर घेतील की कायम कारकुनीत बसवतील, माहीत नाही. जो निर्णय येईल त्याला मी तोंड देईन, पण खरं कारण खोडणार नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी आधी आरतीच्या घरी गेले होते. तिचा गुडघा बरा होत होता, पण खेळाचं ते वर्ष तिचं गेलं होतं. तिची आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आरती म्हणत हुती, बाईंची चूक न्हाई, त्यास्नी दिसलंच न्हाई."

मी म्हटलं, "मला दिसलं होतं."

आईचा हात थांबला. आरती माझ्याकडे बघत राहिली. मी सगळं सांगितलं, विमानासकट. शेवटी आरती एवढंच म्हणाली, "मला वाटलंच हुतं, बाई. तुमी वर बघितल्याला मी बघितलं हुतं." म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी ती सगळ्यांना माझी बाजू सांगत फिरली होती. तिच्या आईने मला चहा दिला नाही. तिचं बरोबर होतं. मी पाणी पिऊन उठले.

मग पालकसभेत मी उभी राहिले. मुख्याध्यापकांना आधी सांगितलं होतं, ते नको म्हणाले होते. पाच मिनिटं बोलले. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. एक बाई पोरीला घेऊन उठून गेली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "हे पोरींसमोर कशाला?" मी म्हटलं, "पोरींसमोरच घडलंय, म्हणून."

सभा संपल्यावर सगळे माझ्यापासून जरा लांबून गेले. फाटकाशी एक पालक थांबला होता. तिशी-पस्तिशीचा, कामावरचा शर्ट, खिशात मोबाईल.

"बाई, त्या डॉक्टरांची ओपीडी कवा असती? माझ्या भावासाठी इचारतोय."

"मंगळवारी, दहा वाजता. मी पण असते. घेऊन या भावाला."

मंगळवारी पावणेदहाला तो आला. एकटाच. दारात उभा राहून खिसा चाचपत होता. मी भावाचं विचारलं नाही. सरकून बाकावर जागा दिली.